बारा महिने वापरून: पहिल्या वर्षासाठी घेतलेला जुना लॅपटॉप

पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. हळकुंड हातात आलं की ते आधी मोडून बघतात. नीट वाळलेलं असेल तर कट्टकन आवाज येतो, आतला रंग कळतो, आणि मग भावाचं बोलायचं. माझ्यासाठी लॅपटॉप बघायला गेलो तेव्हा दुकानाचे मालक जनरेशन, जीबी, गिगाहर्ट्झ सांगत होते आणि पप्पा गप्प ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मालक, उघडून दाखवता काय?"

मालकांनी स्क्रीन वर केली.

"तसं न्हवं. पाठीमागनं."

ही सप्टेंबर २०२४ ची गोष्ट. कॅप राउंडमधून, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, मला सांगलीतच कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला होता. आता पहिलं वर्ष संपलंय, निकाल लागलाय, आणि गल्लीतले, नात्यातले सगळे एकच प्रश्न विचारायला लागलेत: कुठला लॅपटॉप घ्यायचा? म्हणून एकदाच लिहून टाकते. दुकानाचं आणि लॅपटॉपच्या कंपनीचं नाव देत नाही. दोघांबद्दल खाली थोडं वाकडं लिहिलंय, आणि मालक पप्पांच्या ओळखीचे आहेत.

लॅपटॉप म्हणजे ऑफिसांतून भाड्याची मुदत संपल्यावर बाहेर पडतात तसला. काळा, चौदा इंची, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा. सांगितलेली किंमत २३,०००. दिलेली २१,५००.

त्याआधी आम्ही नव्या लॅपटॉपच्या दुकानात जाऊन आलो होतो. तिथे ७२,००० चा गेमिंगवाला दाखवला. कीबोर्डखाली रंगीत दिवे, पंख्याला विमानासारखा आवाज. "ताई, चार वर्षं बघायलाच नको," असं तो पोरगा म्हणाला आणि खरं सांगते, मला तो हवा होता. मामाचाही त्यालाच पाठिंबा. पप्पा बाहेर आल्यावर म्हणाले, "चार वर्षांचा माल एकदम कोण भरून ठेवतंय? कीड लागती." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. आज लिहिताना सांगते की त्यांचं बरोबर होतं, पण ते म्हणाले त्या कारणासाठी नव्हे. कारण पुढे येईल.

तर मालकांनी स्क्रू काढून पाठ उघडली. सांगलीत जुनं काहीही घेताना, गाडी असो, फ्रिज असो, की कॉम्प्युटर, एक प्रश्न विचारावाच लागतो: पुरातलं आहे का? २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत आलं. तेव्हा भिजलेल्या किती वस्तू धुऊन, पुसून, वाळवून कुठे कुठे विकल्या गेल्या असतील कोण सांगणार. आम्ही नदीकाठच्या हरिपूरला राहतो, गाळ कसा दिसतो ते आम्हाला सांगायला नको. पप्पांनी मोबाइलची बॅटरी लावून पंख्याच्या पात्यांत बघितलं. राखाडी कापूस होता, ऑफिसातली धूळ. स्क्रूच्या डोक्यांवर गंज नव्हता, आतल्या सर्किटच्या पट्टीवर कुठे हिरवट-पांढरं फुललेलं नव्हतं. "लाव परत," एवढंच म्हणाले.

पुढचं काम माझं. दोन गोष्टी मी आधी बघून, पाठ करून गेले होते. पहिली, विंडोजमधली पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टची आज्ञा. ती दिली की एक फाइल तयार होते आणि तिच्यात बॅटरी नवी असताना किती चार्ज धरायची आणि आता किती धरते, हे दोन आकडे शेजारी शेजारी येतात. इथे ५०,००० ला ३१,००० निघाले. म्हणजे ६२ टक्के. मालक म्हणाले, "जुन्याला एवढं असणारच की." पप्पा म्हणाले, "मग भावात पण असायला पायजे." तिथे १,५०० उतरले.

दुसरी गोष्ट, एसएसडी एकूण किती तास चाललाय ते सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते. आकडा आला ६,८०० तास. पप्पांनी तोंडी हिशोब केला: रोज ८ तास, वर्षाला अडीचशे दिवस, म्हणजे २,००० तास. साडेतीन वर्षांच्या आतबाहेर. ऑफिसात साडेतीन वर्षं काम करून आलाय हे पटण्यासारखं होतं. बायोसला, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी येणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड नाही ना, हेही तिथेच चालू करून बघितलं. कंपन्या लावतात आणि काढायचं विसरतात, मग तो आपल्या गळ्यात.

आठव्याच पिढीचा का, तर त्याच दुकानात सहाव्या पिढीचा १५,००० ला होता आणि दिसायला तोच. पण विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवायचं ठरवलं होतं. वरच्या साडेसहा हजारांत मला तेवढी वर्षं मिळाली.

एवढं सगळं बघितलं आणि जे डोळ्यांसमोर होतं ते बघितलं नाही. स्क्रीन. चौदा इंची म्हटल्यावर मला वाटलं झालं. घरी आल्यावर कळलं की ती १३६६ बाय ७६८ ची आहे, फुल एचडी नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार येतात हे मला माहीत नव्हतं. मालकांना माहीत असणार. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाजूने बघितलं की रंग विरतात, उन्हात तर काही दिसतच नाही. नंतर विचारायला गेले तर म्हणाले, पॅनल बदलून देतो, साडेचार हजार. घेतलं नाही. पण तक्रार लिहून ठेवते: दुकानात सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्लेचा आकडा वाचा, १९२० बाय १०८० असेल तरच पुढे बोला.

आता दुसरी खरेदी. लॅपटॉपच्या आधी महिनाभर, प्रवेशाच्या गडबडीत, एका मार्गदर्शन केंद्राकडून १,९९९ रुपयांना 'फर्स्ट इयर रोडमॅप' घेतला होता. अर्ध्या तासाचं बोलणं आणि एक रंगीत कागद. कागदावर बारा चौकोन. सप्टेंबरमध्ये सी, ऑक्टोबरमध्ये डेटा स्ट्रक्चर, नोव्हेंबरमध्ये वेब डेव्हलपमेंट, डिसेंबरमध्ये एआय-एमएल, जानेवारीत क्लाउड, फेब्रुवारीत इंटर्नशिप. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज सकाळी ओढणी काढताना दिसायचा आणि रोज मी त्याच्या मागे असायचे.

त्या बारा चौकोनांत गणित कुठेच नव्हतं. फिजिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स (म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग), काहीच नाही. आणि कॉलेज सुरू झाल्यावर कळलं की मी केमिस्ट्री ग्रुपमध्ये आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांचे दोन गट पाडतात, एका गटाला पहिल्या सत्रात फिजिक्सबरोबरचे विषय, दुसऱ्याला केमिस्ट्रीबरोबरचे, दुसऱ्या सत्रात अदलाबदल. सी प्रोग्रामिंग फिजिक्सवाल्यांबरोबर होतं. म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या सत्रात मला कॉम्प्युटरचा एकही विषय नव्हता. मिनी ड्राफ्टर होता, ए-२ ची शीट होती, टायट्रेशन होतं. ७२,००० चा घेतला असता तर जानेवारीपर्यंत त्याच्या रंगीत दिव्यांच्या उजेडात मी शंकू कापत बसले असते, कागदावर, पेन्सिलने.

पप्पांच्या कीड लागण्याच्या बोलण्यापेक्षा मला हे कारण पटलं. पहिलं वर्ष तुमच्याकडून काय मागतं ते सप्टेंबरमध्ये कुणालाच दिसत नसतं, आणि आपण दुकानात उभे असतो चौथ्या वर्षाचं सामान घ्यायला.

वेळेचं पण तसंच. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेच्या, नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांना मिळून १६० क्रेडिट असतात, म्हणजे सत्राला साधारण २०. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल. वीसपैकी १४ लेक्चरचे आणि ६ प्रॅक्टिकलचे धरले तर आठवड्याला २६ तास कॉलेजातच गेले. त्यात माझा हरिपूरहून येण्याजाण्याचा रोजचा सव्वा तास, जर्नल लिहिणं, शीट पूर्ण करणं. हा हिशोब मी दिवाळीच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर मांडला, मिडसेमला गणितात ३० पैकी ९ मिळाल्यावर. उरला रोजचा एक तास. रविवारी तीन. त्या एका तासात महिन्याला एक नवं शास्त्र शिकायचं होतं मला, त्या कागदाप्रमाणे.

नऊ मार्कांचा दोष सगळा त्या केंद्राला देत नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी डेटा स्ट्रक्चरचे व्हिडिओ बघत बसले आणि मॅट्रिक्सची तिन्ही प्रकरणं ऑप्शनला टाकली, हे त्या कागदामुळेच. नंतर समजलं की डिसेंबरच्या एआय-एमएलच्या चौकोनाखाली या मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यूच दबा धरून बसलेल्या असतात. १,९९९ रुपयांत हे एक वाक्य तरी सांगायचं.

कागद दिवाळीत काढला. चिकटपट्टीबरोबर कपाटाचा रंग पण निघाला.

त्या एका तासात मी दोनच गोष्टी करायच्या ठरवल्या. लिनक्स आणि सी. सुट्टीत लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकलं. २५६ जीबीत दोघांना जागा करून द्यायची म्हणजे एका खोलीत दोन सुनांचा संसार, पण झालं. आणि शिकायला आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल घेतलं. याच्याबद्दल आमच्या वर्गात फार कमी जणांना माहीत होतं. फुकट आहे, आणि मराठीत आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. इंग्रजी समजतं, पण नवी संकल्पना आणि नवी भाषा एकदम आली की डोकं एकीकडे आणि कान एकीकडे असं होतं. इथे दहा-बारा मिनिटांचा एक धडा, पडद्यावर कुणीतरी आज्ञा टाइप करतंय आणि आवाज मराठीत सांगतोय: आता एंटर दाबा. सीचे धडे उबुंटू ११.१० वर रेकॉर्ड केलेले आहेत, म्हणून खिडक्यांचे रंग वेगळे दिसतात, पण जीसीसीची, म्हणजे सीचा प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करणाऱ्या कंपायलरची, आज्ञा तीच, उत्तर तेच.

त्यांची पद्धत अशी, की अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर तुमचं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, तिकडे थांबवायचं, इकडे करून बघायचं. आणि इथे माझी ७६८ ओळींची स्क्रीन आडवी आली. दोन्ही शेजारी लावले की व्हिडिओतली अक्षरं मुंगीएवढी आणि टर्मिनलमध्ये ओळ दोनदा मोडायची. शेवटी व्हिडिओ मोबाइलवर, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून, आणि लॅपटॉपवर नुसतं टाइप. वर्ष संपेपर्यंत तसंच केलं. आई चहाला साखर घ्यायला आली की धडा आडवा व्हायचा.

दुसऱ्या सत्रात कॉलेजचं सी सुरू झालं तेव्हा या लॅपटॉपने पैसे वसूल केले. एकच प्रसंग सांगते.

लॅबमध्ये टर्बो सी, म्हणजे सी चालवायचं जुनं सॉफ्टवेअर. निळा पडदा, माउस असून नसल्यासारखा. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये काढलेल्या सॉफ्टवेअरची ही नातवंडं अजून कॉलेजांत नांदतायत. प्रॅक्टिकल होतं फॅक्टोरियलचं, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंत सगळे गुणायचे. पाच दिले की १२० आलं, सरांनी सही केली. मी सहज आठ दिले. उत्तर आलं उणे २५२१६.

"अगं, उणे कसं येईल? गुणाकार तर करतोय," शेजारची मैत्रीण म्हणाली. प्रोग्राम तीनदा वाचला. बरोबर होता. तेवढ्यात तास संपला.

घरी येऊन तोच प्रोग्राम जीसीसीवर चालवला. आठला ४०३२०. बरोबर! मग चेव आला, नऊ, दहा, अकरा, बाराला ४७,९०,०१,६००. तेराला १,९३,२०,५३,५०४. उणे नाही, काही नाही, मोठा भक्कम आकडा. मी खूश. पप्पा शेजारी भडंग खात बसले होते. त्यांनी विचारलं, "काय केलंस हे?" सांगितलं, एकपासून तेरापर्यंतचे सगळे आकडे एकमेकांना गुणले.

"मग चुकलंय."

"मशीन कशी चुकेल?"

"ह्यात दहा गुणलाय न्हवं? मग शेवटी शून्य पायजे. चार कुठनं आला?"

मी आकड्याकडे बघतच राहिले. दहा त्यात आहे, शिवाय पाच आणि दोन वेगळे आहेत. शेवटी दोन शून्यं यायलाच हवीत. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे, पप्पांनी कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलं, भडंगाच्या तेलाच्या बोटांनी.

मग त्या रात्री उलगडलं. टर्बो सीमध्ये इंट हा पूर्णांक ठेवायचा प्रकार दोन बाइटचा, म्हणजे त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावतच नाही. ४०,३२० आला की तो गोल फिरून मागून येतो: ४०,३२० वजा ६५,५३६, बरोबर उणे २५,२१६. माझ्या लॅपटॉपवर जीसीसीत इंट चार बाइटचा, तिथे हद्द २,१४,७४,८३,६४७. बाराचं उत्तर मावलं, तेराचं गोल फिरलं, फक्त फिरून नेमकं अधिक चिन्हाच्या घरात येऊन पडलं म्हणून चूक दिसली नाही. खरं तर सी भाषेच्या नियमाप्रमाणे असा चिन्हवाला आकडा उतू गेल्यावर काय व्हावं हे ठरवलेलंच नाही, आमच्या मशीनवर असं झालं एवढंच. इंटऐवजी त्याहून मोठा लाँग लाँग प्रकार लावला तर विसापर्यंत जाता येतं, एकविसाला तेही उतू जातं. हे मी वाचून नाही, एकेक आकडा घालून बघितलं. लॅबच्या दोन तासांत हे झालं नसतं. तिथे पाचला १२० आलं की सही मिळते.

यासाठी २१,५०० चा लॅपटॉप पुरतो. खरं तर १५,००० चाही पुरला असता.

बाकीचं भराभर सांगते. कीबोर्ड या लॅपटॉपची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, नवीन स्वस्त लॅपटॉपांत असा मिळणार नाही. वजन चार्जरसकट दोन किलोच्या वर, बसमध्ये उभं राहून खांदा भरतो. एप्रिलमध्ये दुपारी तळ इतका तापतो की मांडीवर उशी घ्यावी लागते. बॅटरी सुरुवातीला पावणेतीन तास, आता सव्वादोन. मे महिन्यात वळीव आला आणि लाइट गेली त्या संध्याकाळी असाइनमेंट गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम ठेवायच्या साइटवर, चढवताना ११ टक्के राहिले होते. चढली. ८ जीबी रॅम पहिल्या सत्रात पुरली, दुसऱ्यात ब्राउझरचे वीस टॅब आणि प्रोग्राम लिहायचं व्हीएस कोड एकदम उघडले की अडखळायला लागला. एक खण रिकामा होता, त्यात अजून ८ जीबी घातली, १,४०० रुपये, स्क्रू मी स्वतः काढले. तीन महिन्यांची वॉरंटी दुकानाने पावतीवर लिहून दिली होती. एकदाच गेले, चार्जरची पिन सैल झाली म्हणून, मालकांनी दुसरा चार्जर काढून दिला, पैसे घेतले नाहीत. स्क्रीनचं सोडलं तर त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आणखी पैसे कशावर घातले? एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांमधला, सीचा कोर्स शिकायला फुकट आहे, परीक्षेचे १,००० भरले, कारण फी भरली की मी अभ्यास करते, माझा स्वभाव असाय. गिटहबचा विद्यार्थ्यांसाठीचा पॅक कॉलेजच्या ओळखपत्रावर मिळाला, त्याला काहीच लागलं नाही. गणिताला दुसऱ्या सत्रात शिकवणी लावली, कुणाला वाईट वाटो. महागडा लॅपटॉप न घेतल्याने उरलेल्या पैशातले बरेचसे तिकडे गेले आणि मार्क ३० पैकी २३ वर गेले.

तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर आहे, त्याला हा चालेल. पुढे मोबाइल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आला तर रडेल, मला कल्पना आहे. तेव्हाचं तेव्हा. पहिल्या दिवशी जी स्क्रीन बघायची राहिली ती मात्र पुढच्या वेळी सगळ्यात आधी बघणार.

परवा रविवारी गल्लीतल्या एका मुलाचे वडील पेढे घेऊन आले. त्यालाही कॉम्प्युटरच मिळालंय. पेढे झाले, चहा झाला, मग पप्पांना म्हणाले, "दिवाणजी, उद्या जरा दुकानात येता काय संगट? तुम्ही मागनं उघडून बघताय म्हणं."

"येतो की," पप्पा म्हणाले. "पण त्याला आधी ग्रुप कुठला पडलाय?"

त्यांना माहीत नव्हतं. यादी अजून लागायची आहे.

"मग लागू दे. दुकान कुठं पळून चाललंय?"